मायेची बाजू: नऊ घरांच्या एका गोधडीचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे बारशासाठीच्या एका गोधडीचं काम आलं. सांगलीत घराच्या माडीवर आमची तीन शिलाई यंत्रं आहेत. मी, धाकटी जाऊ आणि शिकायला येणारी एक मुलगी, एवढाच आमचा कारखाना. धावदोरा घालायला शेजारच्या मावशी येतात. माहेर कवठे महांकाळकडचं, लहानपणापासून वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांची ठिगळं लावून हाताने शिवलेल्या गोधड्या, शिवत आलेल्या. या गोधडीचा वरचा पदर निम्मा जोडून झाला आणि आम्हाला तो उसवावा लागला. कापणी बरोबर होती, टीपही बरोबर होती. चुकली होती ती इस्त्री, आणि ते कळायला मला दीड दिवस लागला.

काम काय होतं

बाळाच्या पणजीचं लाल सुती लुगडं होतं. वापरून वापरून मलमलीसारखं मऊ पडलेलं. त्याचे चौकोन आणि मध्ये पांढरं कॅम्ब्रिक, अशी गोधडी हवी होती. मापं सोपी ठरवली. कापताना चौकोन साडेतीन इंचाचा, चारी बाजूंनी पाव इंच माया गेली की दिसायला ३ इंचाचा. असे नऊ जोडून एक ब्लॉक: चार कोपऱ्यांत आणि मधोमध लाल, उरलेल्या चार घरांत पांढरं. ब्लॉक जोडून झाला की कडेच्या मायेसकट साडेनऊ इंच भरला पाहिजे. दोन ब्लॉकांच्या मध्ये साडेनऊ इंचाचा कोरा पांढरा चौकोन. आडवे ५, उभे ७, म्हणजे एकूण ३५. त्यात १८ नऊ घरांचे आणि १७ कोरे. तयार गोधडी ४५ बाय ६३ इंच.

शिवणीसाठी सोडलेल्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात, हे शिवणाऱ्यांना सांगायला नको. ब्लाउजला ती सढळ सोडतात, पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. तुकडे जोडायच्या कामात ती दोनच सूत असते. इंचाचे आठ सूत, तेव्हा पाव इंच म्हणजे दोन सूत. एवढ्याशा मायेत लपवायला जागा नसते. अर्ध्या सुताची गडबडही पुढच्या ओळीत जाऊन बोलते.

लुगड्याचा मधला भाग विरलेला होता. धड भागातून ९० पैकी ७० चौकोन निघाले. उरलेल्या वीससाठी कापड पेठेतून जवळच्या रंगाचं लाल पॉपलीन आणलं. या पॉपलीनचं पुढे सांगते.

मावशींची सुई

जावेने दहा ब्लॉक केले, मुलीने आठ. जावेचे आधी झाले म्हणून त्यांतले आठ घेऊन आम्ही वरच्या तीन ओळी जोडून टाकल्या. धावदोरा लाल घ्यावा की पांढरा हे ठरत नव्हतं, म्हणून मावशींना म्हटलं, या तीन ओळींखाली जुन्या साडीचे दोन थर घालून थोडं शिवून बघा.

दहा मिनिटांत हाक आली. "काय गं ह्ये, खडं भरल्यात का आत? सुई मोडली बघ."

बघितलं तर जिथे चार घरांचे कोपरे भेटतात तिथे वाटाण्याएवढी गाठ लागत होती. सगळीकडे नव्हे, पाच-सहा कोपऱ्यांत एखादी. कुठे लाल कोपरा पांढऱ्याच्या कोपऱ्यापासून सूतभर सरकलेला. पांढऱ्या चौकोनांच्या कडेला आतून लाल पट्टी दिसत होती, बनियनमधून दिसावी तशी. आणि दोन ओळींमधली लांब शिवण जमिनीवर पसरली तरी सपाट बसेना, तिला लाटा आल्या होत्या.

मोजमाप

टेप घेऊन बसले. कडेच्या मायेसकट ओळ साडेपंचेचाळीस भरायला हवी. पहिली ओळ पावणेपंचेचाळीस, दुसरी ४५, तिसरी पुन्हा पावणेपंचेचाळीस. तीनही कमी, पण सारख्या कमी नाहीत. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत नऊ घरांचे ब्लॉक तीन-तीन, दुसरीत दोन. म्हणजे एकेक ब्लॉक दोन सूत खातोय, कोरे चौकोन काही खात नाहीत. उरलेले दोन ब्लॉक जोडलेले नव्हते, ते मोजले. सव्वानऊ. हिशेब जुळला.

माझा पहिला संशय अर्थातच जावेवर. ती माया जास्त घेते, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. उलट्या बाजूने पट्टी लावली तर माया सगळीकडे दोन सूत, रेघ मारल्यासारखी. तिने काही न बोलता माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला गेली.

कापड बरोबर, माया बरोबर, मग दोन सूत गेले कुठे? ते दुसऱ्या दिवशी कळलं, तेही योगायोगाने. ब्लॉक सुलट्या बाजूने हातात धरून शिवणीच्या दोन्हीकडची घरं मी अंगठ्यांनी जरा ताणली, तर शिवणीतून कापड बाहेर सरकलं. टिपेला लागूनच एक बारीक घडी दडलेली होती. कापड टिपेवरून वळून पूर्ण उघडलंच नव्हतं, थोडं दुमडून आत राहिलं होतं. घडी जेमतेम अर्ध्या सुताची. पण अर्ध्या सुताची घडी एक सूत कापड गिळते, कारण कापड आत जातं आणि परत येतं. एका ब्लॉकात आडव्या शिवणी दोन, म्हणून दोन सूत. उभ्याही दोन, तिकडेही तेच.

घडी राहिली कशी

ब्लॉक शिवले त्या आठवड्यात पाऊस थांबत नव्हता. सांगलीत अशा दिवसांत घराघरांत एकच चौकशी, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी किती? चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ असतात. वीज दिवसातून चार वेळा जायची. आमच्याकडे एक यंत्र पायाचं आहे, ते चालत होतं. इस्त्री मात्र तापेपर्यंत लाईट गायब. जावेने सरळ मार्ग काढला: शिवण नखाने मोडायची, पुढची टीप मारायची आणि शेवटी वीज असेल तेव्हा सगळं एकदाच इस्त्री करायचं.

हा विचार चुकीचा असं तिला वाटायचं कारणच नव्हतं. झबली-परकर शिवणारी प्रत्येक बाई असंच करते. वाकळेला तर इस्त्री लागतच नाही. मावशींचं म्हणणंही तेच, "वाकळंला कुठं इस्त्री असती व्हय?" त्यांचं खरं आहे. वाकळेत ठिगळ वर ठेवतात, कड आत दुमडतात आणि धावदोरा सगळ्या थरांतून आरपार जातो. तिथे तुकड्याला तुकडा जोडणारी शिवणच नसते. ठिगळ हलकंसं वाकडं बसलं तर शेजारच्या ठिगळाला त्याची झळ नाही. आमच्या पदरात प्रत्येक घर शेजारच्या घराला टिपेने बांधलेलं. पहिल्या उभ्या शिवणीत घडी राहिली आणि तिच्यावरून आडवी टीप गेली की ती घडी दोन्ही टोकांना कुलूपबंद होते. मग वरून कितीही गरम इस्त्री फिरवा, मधला भाग उघडतो, टोकं उघडत नाहीत आणि झोळ येतो. आमच्या लाटा त्याच होत्या.

नखाने मोडणं मात्र मी वाईट म्हणणार नाही. सुती कापड नखाला मानतं, आणि दोन तुकड्यांची पहिली जोडणी तेवढ्यावर निभावतेही, सुलट्या बाजूने शिवण पूर्ण उघडून नख चालवलं तर. जाऊ उलट्या बाजूने चालवत होती. तिथून माया सपाट दिसते, घडी दिसत नाही.

गाठी कुठून आल्या

शिवण एका बाजूला वळवली की त्या बाजूला कापडाचे तीन थर होतात: एक वरचं घर आणि दोन माया. आता दोन ओळी एकमेकींवर ठेवून टीप मारताना दोघींची माया एकाच बाजूला पडली असेल तर सुईखाली तिथे सहा थर येतात आणि शिवणीच्या पलीकडे दोनच. ही आडवी शिवण पुन्हा एका बाजूला दाबली की सहाचे नऊ. शिवाय मावशींना खालचे साडीचे थर वेगळे. सुई मोडेल नाहीतर काय!

उलट, एका ओळीची माया डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे असेल तर सुईखाली दोन्ही बाजूंना चार-चारच थर येतात. महत्त्वाचं असं की दोन उंचवटे एकमेकांना भिडून अडकतात. बोटाच्या टोकाला तो कट्टकन बसल्याचं कळतं, आणि कोपरा टाचणीशिवायही हलत नाही. जावेच्या ब्लॉकांत माया कुठे वळेल हे कुणी ठरवलंच नव्हतं. ती यंत्राच्या दात्यांनी ढकललं तिकडे वळली. बहुतेक कोपरे नशिबाने बरोबर आले, पाच-सहांतली एक गाठ झाली.

गंमत म्हणजे नऊ घरांच्या या नक्षीत ठरवण्यासारखं फारसं नव्हतंच. माया गडद रंगाकडे वळवावी, म्हणजे फिक्या कापडातून दिसत नाही, हा जुना दंडक. पहिल्या ओळीत लाल-पांढरं-लाल, तेव्हा माया लालकडे म्हणजे बाहेर. दुसरीत पांढरं-लाल-पांढरं, तेव्हा लालकडे म्हणजे आत. तिसरी पहिलीसारखी. म्हणजे दंडक पाळला असता तर बाहेर-आत-बाहेर असा उलटसुलट क्रम आपोआप आला असता आणि प्रत्येक कोपरा अडकून बसला असता. हे मी आधी कागदावर बाण काढून बघितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. ते केलं नाही, ही चूक माझी.

ब्लॉकातल्या दोन लांब आडव्या शिवणींना मात्र हा दंडक लागू होत नाही, कारण तिथे लाल आणि पांढरं आळीपाळीने येतं. कुठेही वळवली तरी काही लाल पांढऱ्याखाली जाणारच. आम्ही त्या मधल्या घरापासून बाहेर वळवायचं ठरवलं. मधल्या लाल घरावर डावी-उजवीकडून आधीच माया आलेली असते, वरून-खालून आणखी आली तर तेच घर उशीसारखं फुगतं.

मुलीचे आठ ब्लॉक

तिची गोष्ट उलट. तिने इस्त्री केली होती, भरपूर केली होती. तिने सुटे चौकोन न जोडता साडेतीन इंची लांब पट्ट्या कापल्या, तीन पट्ट्या जोडल्या आणि मग साडेतीन इंचावर आडवे काप घेतले. ही चांगली युक्ती आहे, वेळ निम्मा लागतो. पण पट्ट्या तिने लुगड्याच्या आडव्या धाग्याने कापल्या. ताणा, म्हणजे उभा धागा, घट्ट असतो, बाणा, म्हणजे आडवा, सैल, आणि जुन्या लुगड्याचा बाणा तर विचारूच नका. त्यावर वाफेची इस्त्री टोकापासून टोकापर्यंत रेटून ओढली. तीन पट्ट्यांचा जोड धनुष्यासारखा वाकला. वाकलेल्या पट्टीतून काटकोनात काप येणार कसे? ब्लॉकची एक बाजू साडेनऊ तर समोरची पावणेदहा.

तिला मी इतकंच करून दाखवलं. शिवण उघडायच्या आधी, टीप मारली तशीच बंद ठेवून इस्त्री टेकवायची, मनात चार मोजायचे, उचलायची. धागा कापडात बसतो. मग जोड सुलटा ठेवायचा, गडद घर वर, फिकं खाली. वरचं घर उलगडून इस्त्रीची कड शिवणीला लावायची, टेकवायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासायची नाही. पापड भाजताना आपण फडक्याने दाबतो, ओढत नाही, तसं. वाफ नाही. आणि गरम असताना उचलून ताणायचं नाही, गार होऊ द्यायचं. लवकर गार व्हावं म्हणून वर सागवानी पाटाचा एक तुकडा ठेवतो, कोरडं लाकूड कापडातली ओलही शोषून घेतं.

खाली गादी असेल तर यातलं काही जमत नाही, मऊ जागेत शिवण बुडते. आमच्याकडे माणदेशातली जुनी घोंगडी आहे. तिची चौपदरी घडी टेबलावर, वर सुती चादर. लोकर उष्णता धरून ठेवते म्हणून खालूनही शेक लागतो, आणि खरखरीत असल्याने कापड सरकत नाही.

दुरुस्ती

सोपा उपाय समोर होता. सगळे ब्लॉक आणि कोरे चौकोन कापून सव्वानऊचे करायचे, गोधडी सव्वा इंचाने अरुंद झाली असती. जाऊ त्याच बाजूची होती. मी नको म्हटलं, कारण दडलेली घडी कायमची दडून राहत नाही. पहिल्या-दुसऱ्या धुण्यात, बाळाच्या ओढाताणीत ती मधूनमधून सुटते आणि वर्षभरात पदर पिशवीसारखा लोंबतो.

तीन ओळी सुट्या केल्या. जावेच्या दहा ब्लॉकांतल्या लांब शिवणी उसवल्या, वीस झाल्या. छोट्या उभ्या शिवणी उसवाव्या लागल्या नाहीत, टोकं मोकळी झाल्यावर सुलट्या बाजूने दाबल्या की घडी निघाली. पुन्हा जोडलेला पहिला ब्लॉक मोजला: साडेनऊला अर्धा सूत कमी. हे अर्धं सूत इस्त्रीचं नव्हे. कापडाला टिपेवरून वळायलाही थोडी जागा लागते, तेवढी जातेच. म्हणून टीप पूर्ण दोन सुतांवर न मारता धागाभर कडेकडे मारायची असते. पुढच्या कामासाठी यंत्रावरची चिकटपट्टी तेवढी सुईकडे सरकवली. या गोधडीपुरते सगळे ३५ तुकडे अर्ध्या सुताने कमी करून एकसारखे केले.

मुलीचे आठ ब्लॉक पाणी शिंपडून घोंगडीवर सपाट वाळवायचे ठरवले. ताणलेलं सूत पाण्याने बरंचसं माघारी येतं. सहा आले. उरलेल्या दोनांत पॉपलीनचे चौकोन होते, त्यांचा लाल रंग पांढऱ्यात उतरला आणि ते गुलाबी झाले. पाणी शिंपडणारी मीच. पॉपलीन कापायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघायचं हे मी वर्गात दर खेपेला सांगते. बाकीचं पॉपलीन पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतलं. शेजारणीने मीठ टाकायला सांगितलं होतं, तेही केलं, आमच्या लालला त्याने काही फरक पडला नाही. पॉपलीनचे जे चौकोन आधीच इतर ब्लॉकांत गेले होते तेही बदलले. दोन ब्लॉक नव्याने केले आणि त्यांच्यासाठी लुगड्याच्या तुकड्यांना तांदळाच्या पेजेची पातळ खळ लावून, वाळवून मग कापलं. मऊ लुगडं खळीने कागदासारखं धरून राहतं. काम झाल्यावर धुवायला मात्र विसरायचं नाही, खळीला झुरळं लागतात.

ओळी जोडताना पुन्हा एक पेच. माया कोऱ्या चौकोनाकडे वळवली तर गाठी टळतात, आणि ब्लॉक व कोरा आळीपाळीने असल्याने प्रत्येक ओळ शेजारच्या ओळीला आपोआप उलटी पडते. पण कोरा चौकोन पांढरा, आणि ब्लॉकचे कोपरे लाल. गडदचा दंडक पाळावा तर गाठी, गाठी टाळाव्या तर लाल सावली. जाऊ म्हणाली, "अक्का, लाल माया थोडी कापूया की." तेच केलं. लाल मायेचा काठ अर्ध्या सुताने छाटला, मग तो पांढऱ्या मायेच्या आड राहतो आणि वरून दोन पांढरे थर येतात. अठ्ठावीस शिवणींना हे करायला एक दुपार गेली. पण सावली गेली.

मावशींचं मत वेगळं. त्यांना माया दोन्हीकडे फाकवून हवी होती, हाताच्या सुईला तेच सोपं, कुठेच जाड लागत नाही. त्यात तथ्य आहे. पण तशा शिवणीत ओढ सगळी एका टिपेच्या धाग्यावर येते आणि फटीतून खालचं दिसू शकतं. रोज अंथरायच्या, धुवायच्या गोधडीला मी ते करत नाही. भिंतीवर लावायचं काम असतं तर मावशींचं ऐकलं असतं. तडजोड म्हणून ब्लॉकाबाहेरच्या कोपऱ्यांत, जिथे लांब शिवणी एकमेकींना छेदतात, तिथे मायेतले दोन-तीन टाके उसवून चारी माया भिंगरीसारख्या एकाच दिशेने फिरवल्या. मधोमध नखाएवढा चार घरांचा चौकोन उमटतो आणि गाठ चपटी होते. हे उलटसुलट वळलेल्या मायेलाच जमतं.

एका पदरात आमच्या हिशेबाने १७८ शिवणी होतात: ब्लॉकात आठ, असे अठरा ब्लॉक, ओळींतल्या २८ आणि ओळी जोडणाऱ्या ६. दुसऱ्या खेपेला प्रत्येक शिवण पुढची टीप पडायच्या आधी इस्त्रीखालून गेली. लाईट गेली की काम थांबवायचं, एवढं पाळलं. पदर रुंदीला अडीच सूत आणि लांबीला साडेतीन सूत कमी भरला, म्हणजे ब्लॉकामागे ते ठरलेलं अर्धं सूत, त्यापलीकडे काही नाही. बारसं चार दिवसांवर असताना गोधडी गेली.

पाचव्या ओळीत एक शिवण उलटीकडे दाबली गेली होती. ती धावदोऱ्याला बसल्यावर मावशींच्याच हाताला लागली. आम्ही उसवायला सांगितलं नाही. त्यांनी तिथे दोरा एका बोटाने बाजूला नेला आणि गाठीला वळसा घालून पुन्हा रेघेवर आणला.